रानातील झऱ्याजवळचा प्रश्न

शास्त्रवाचन : उत्पत्ति १६:१–१६, २१:८–२१



उत्पत्तीच्या सोळाव्या अध्यायात एक गर्भवती दासी घर सोडून रानात पळून गेलेली आपल्याला दिसते. तिचे नाव हागार. ती मिसर देशची, सारायच्या घरात कामाला होती. हा अध्याय सावकाश वाचला म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. साराय तिच्याविषयी बोलते तेव्हा ती ‘माझी दासी’ असते, आणि अब्राम बोलतो तेव्हा ती ‘तुझी दासी’ असते. त्या घरात तिचे नाव कोणाच्याच तोंडी येत नाही. तिच्या देहाविषयी जो निर्णय झाला तो धनी व धनीण या दोघांनी घेतला. तिला विचारल्याचा एक शब्दही शास्त्रात नाही. पुढे तिला दिवस गेले, घरातील वागणूक बदलली, तिचेही वागणे बिघडले, जाच असह्य झाला आणि ती पळाली.

शूर गावाच्या वाटेवर, रानातील एका झऱ्यापाशी परमेश्वराच्या दूताने तिला गाठले. त्याने प्रथम तिला नावाने हाक मारली. मग विचारले, की तू कोठून आलीस आणि कोठे जात आहेस. ‘तू हे काय केलेस’ असे त्याने विचारले नाही. हागारेने पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिले. मी धनिणीपासून पळत आहे, असे ती म्हणाली. दुसऱ्या प्रश्नाला तिच्यापाशी उत्तर नव्हते. कोठे जायचे हे तिला ठाऊकच नव्हते.

आज ज्या विषयावर बोलायचे आहे तो आपल्या उपासनेत सहसा निघत नाही. शाळेत जाणाऱ्या मुलीला दिवस राहतात, तेव्हा त्या मुलीच्या मनाचे काय होते, तिच्या घराचे काय होते आणि मंडळी म्हणून आपण काय करतो, हा तो विषय आहे. अशा मुलीलाही कोठे जायचे हे ठाऊक नसते. म्हणून झऱ्याजवळचा हा प्रश्न आपण तिच्या बाजूने ऐकू या.

धार आणि देवास

मालव्यातील ही दोन नगरे मराठी माणसाला परकी नाहीत. अठराव्या शतकात पवार घराण्याने येथे राज्ये वसवली आणि त्यांच्या मागोमाग आलेल्या मराठी कुटुंबांची घरे आजही तेथे आहेत. ख्रिस्ती सेवेचा इतिहासही येथे जुना आहे. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७ मध्ये इंदूर येथे काम सुरू केले. त्या मिशनच्या डॉ. मार्गारेट ओ’हारा १८९१ मध्ये आपल्या देशात आल्या आणि पुढे धार येथे त्यांनी स्त्रियांच्या दवाखान्यात वर्षानुवर्षे सेवा केली. पुरुष डॉक्टरांकडे जाण्याची ज्यांना मुभा नव्हती अशा बायकामुलींसाठी तो दवाखाना होता.

आज देवासला नोटांचा छापखाना आहे, कारखाने आहेत. धार जिल्ह्यात पीथमपूरची मोठी औद्योगिक वसाहत आहे. आईवडील दोघेही पाळीवर जातात आणि वयात आलेली मुलगी भाड्याच्या खोलीत दिवसभर एकटी असते. धार जिल्ह्याची निम्म्याहून अधिक वस्ती आदिवासींची. तेथील पुष्कळ कुटुंबे मजुरीसाठी गुजरातेत जातात. मुलगी बरोबर गेली तर शाळा सुटते, मागे राहिली तर कोणाच्या तरी घरी राहते. आणि आखातीज आली की मालव्यात लग्नांची झुंबड उडते. त्या दिवशी कोवळ्या मुलींची लग्ने लागू नयेत म्हणून सरकारी अधिकाऱ्यांना दरवर्षी पहारा ठेवावा लागतो.

२०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मध्य प्रदेशातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २३.१ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वी झालेले आढळले. त्याआधीच्या २०१५–१६ च्या पाहणीत हाच आकडा ३२.४ होता. सुधारणा आहे, यात शंका नाही. महाराष्ट्राने मात्र नाक वर करू नये. तेथेही तो आकडा २१.९ आहे. सबंध देशात १५ ते १९ वयाच्या दर शंभर मुलींपैकी जवळजवळ सात मुली त्या पाहणीच्या वेळी आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. त्यांपैकी पुष्कळजणींच्या गळ्यात मंगळसूत्र होते. मंगळसूत्रामुळे लोकांच्या जिभा थांबतात, पण पंधरा वर्षांच्या मुलीचे शरीर त्यामुळे वीस वर्षांचे होत नाही.

तिच्या देहावर व मनावर काय ओढवते

पहिली गोष्ट देहाची. तिची स्वतःचीच वाढ पुरी झालेली नसते, आणि त्यातच दुसऱ्या जिवाची वाढ सुरू होते. त्याच पाहणीत आपल्या देशातील १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. अशा वयात बाळंतपणात रक्तदाब वाढून झटके येणे, जंतुसंसर्ग होणे हे धोके वीस ते चोवीस वयाच्या मातांपेक्षा अधिक असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मूल अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे होण्याची भीतीही अधिक असते. यांतील पुष्कळ धोका वेळीच डॉक्टरांकडे गेल्याने टळतो. पण नेमके तेच होत नाही, कारण ती सांगत नाही.

ती का सांगत नाही? येथे दुसरी गोष्ट येते, मनाची. आरंभी तिला कळतच नाही. कळल्यावर ती स्वतःशीच ते नाकारते; पुढच्या महिन्यात सारे ठीक होईल असे म्हणते. मग भीती येते. ती पोटाला ओढणी घट्ट बांधते, जेवण टाळते, वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसते. रात्री झोप नाही, दिवसा पुस्तकावर डोळा लागतो. शिक्षक म्हणतात, मुलगी आळशी झाली. आई म्हणते, मुलगी उद्धट झाली. रविवारच्या शाळेत न चुकता येणारी मुलगी एकाएकी येईनाशी होते आणि आपण हजेरीपटावर तिच्या नावापुढे फुली मारून पुढचे नाव घेतो.

प्रसूतीनंतरही हे संपत नाही. ती एका दिवसात आई होते, पण लेकरू असणे काही एका दिवसात संपत नाही. बरोबरीच्या मैत्रिणी दहावीला जातात, ती दाराआड बसते. मूल रडले की तिलाही रडू येते. काहींना बाळाचा लळा लागत नाही आणि त्याबद्दल आणखी अपराधी वाटते. काहींच्या मनात जीव देण्याचे विचार येतात. असे बोलणे कधीही नाटक समजू नये. ते ऐकताच तिला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांची मदत घ्यावी. सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तेथे मराठीतही बोलता येते, हिंदीतही.

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात तेराव्या अध्यायात दावीद राजाची कन्या तामार हिची कथा आहे. सावत्र भावाने, अम्नोनाने, तिच्यावर बळजबरी केली. ती आक्रोश करीत रस्त्याने गेली. सख्ख्या भावाने तिला काय सांगितले? गप्प राहा, मनाला लावून घेऊ नकोस. बाप संतापला, पण त्याने काही केले नाही. मग शास्त्र सांगते, की ती आपल्या भावाच्या घरी उदास होऊन राहिली. पुढच्या अध्यायांत सूड आहे, बंड आहे, लढाई आहे. त्या साऱ्या धामधुमीत तामारेचे काय झाले, हे पुन्हा कोणी विचारले नाही. राजवाड्यातील मुलीची ही दशा, तर चाळीतील मुलीची काय?

पांघरूण कोणावर घालायचे

अशी गोष्ट घडली की आपल्या घरांत प्रथम एकच विचार होतो : बाहेर कळता कामा नये. मग घाईने लग्न उरकतात, किंवा मुलीला दूरच्या मावशीकडे पाठवतात, किंवा गल्लीबोळातील एखाद्या नवशिक्याच्या हाती तिचा जीव देतात. धाकट्या बहिणीचीही शाळा सोडवतात, तिचेही असे होऊ नये म्हणून. ज्याच्यामुळे हे झाले तो नात्यातला असला, शेजारचा असला, शिकवणीचा मास्तर असला, तर त्याचे नाव घेण्याचे धैर्य होत नाही. तो पुढच्या रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसू शकतो. मुलगी मात्र कोणत्याच बाकावर बसू शकत नाही.

प्रीती पापांवर पांघरूण घालते असे प्रेषित पेत्र शिकवतो. पण पांघरूण दोन प्रकारचे असते. मुलीचे नाव, तिचे घर, तिची शाळा लोकांच्या नजरेआड ठेवणे हे प्रीतीचे पांघरूण. ज्याने तिला इजा केली त्याला लोकांच्या नजरेआड ठेवणे, याला पवित्र शास्त्रात प्रीती म्हटलेले नाही. गुप्तता राखणे आणि गप्प बसणे या दोहोंत पूर्व-पश्चिमेचे अंतर आहे. अबशालोमाने तामारेला गप्प बसवले. मरीयेला वाग्दत्त असलेला योसेफ न्यायी होता, म्हणून सत्य कळण्याआधीही तिची लोकांत बेअब्रू करायची नाही असे त्याने ठरवले. आणि देवाचा शब्द आल्यावर तो तिच्या पाठीशी उभा राहिला. मत्तयाच्या पहिल्या अध्यायातील हा न्यायी पुरुष आपल्या घराघरांत हवा आहे.

आपल्या देशाचा कायदाही हा भेद जाणतो. २०१२ च्या लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलीची संमती ही संमती धरली जात नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अठराखालील पत्नीलाही संरक्षण दिले. ज्याला असा अपराध कळला त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे; न कळवणे हाही गुन्हा आहे. आणि त्याच कायद्याने मुलीची ओळख उघड करण्यास बंदी आहे. म्हणून रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना व पाळकांना एक सूचना करावीशी वाटते. एखादी मुलगी ‘कोणाला सांगणार नाही ना?’ असे विचारील, तेव्हा घाईने वचन देऊ नका. म्हणा, ‘गावभर सांगणार नाही, पण तुला मदत करणाऱ्यांना सांगावे लागेल, आणि तेव्हा मी तुझ्याबरोबर येईन.’ मुलांच्या मदतीचा क्रमांक १०९८ आहे. तो वर्गाच्या फळ्यावर वचनाच्या शेजारी लिहून ठेवायला हरकत नाही.

मुलगा तिच्याच वयाचा असेल, तर तोही कायद्याने बालकच. त्याचा विचार बाल न्याय मंडळ करते. त्याला जमावाच्या हाती देऊ नये, पण ‘मुलगा आहे, चालायचेच’ असे म्हणून मोकळेही सोडू नये. आपण मुलींना सांभाळून राहायला शिकवतो. मुलांना दुसऱ्याच्या लेकीचा मान राखायला किती वर्गांत शिकवतो?

गर्भपाताविषयी आपल्या मंडळ्यांत एकमत नाही, आणि प्रश्न हलकाही नाही. १९७१ च्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन अल्पवयीन मुलींसारख्या प्रकरणी चोवीस आठवड्यांपर्यंत, पालकाच्या लेखी संमतीने आणि डॉक्टरांच्या निर्णयाने, मुभा आहे. कोणत्याही मताच्या ख्रिस्ती माणसाने एवढे तरी मानावे, की तो निर्णय चर्चच्या अंगणातील चर्चेने होऊ नये, आणि मुलगी पहिल्या आठवड्यांतच चांगल्या रुग्णालयात पोहोचावी. मूल ठेवायचे असो वा नसो, उशीर तिच्या जिवावर बेततो.

आपल्यापूर्वी ज्यांनी दार उघडले

हे काम आपल्यापुढे नव्याने आलेले नाही. १८६३ मध्ये पुण्यात महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसवल्या गेलेल्या विधवांनी तेथे यावे, सुरक्षित बाळंत व्हावे, नाव गुप्त राहील, असा तो आधार होता. त्या काळच्या विधवांत कोवळ्या वयाच्या मुली किती असत, हे सांगणे नकोच. अशाच एका विधवेच्या मुलाला त्या दांपत्याने दत्तक घेतले. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रोग्यांची सेवा करता करता गेल्या तेव्हा तो त्याच सेवेत होता. समाज ज्याला कलंक म्हणत होता त्याच मुलाने प्लेगाने ग्रासलेल्या माणसांना हात लावला.

पंडिता रमाबाई १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात हिंडल्या व तेथून अनेक निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्तीत ज्यांना जगाने पतित ठरवले त्यांच्यासाठी त्यांनी ‘कृपासदन’ चालवले. तेथे प्रार्थना होती, तसेच शिक्षण होते, विणकाम होते, छापखाना होता. पश्चात्तापाचे धडे देऊन रमाबाई थांबल्या नाहीत. त्यांनी मुलींच्या हाती कसब दिले. कोठे जातेस, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी असे दिले.

विहीर होतीच

आता हागारेकडे परत येऊ. दूताने तिला धनिणीकडे परत जायला सांगितले, हे सोळाव्या अध्यायात आहे. हे वचन हाती घेऊन कोणी छळलेल्या मुलीला छळणाऱ्याच्याच घरी पाठवू नये. त्या ओसाड रानात गर्भवती स्त्री एकटी जगली नसती. देवाने तिचा व मुलाचा प्राण राखला, आणि एक मोठे वचन देऊन मगच तिला पाठवले. मुलाचे नाव त्याने इश्माएल ठेवायला सांगितले. ‘देव ऐकतो’ असा त्याचा अर्थ. हागारेनेही देवाला नाव दिले : मला पाहणारा देव. घरात जिला कोणी नावाने हाक मारली नाही, तिने देवाला नाव ठेवले!

एकविसाव्या अध्यायात ती पुन्हा रानात आहे. या वेळी तिला घालवून दिले आहे. खांद्यावर पाण्याची मशक, बरोबर मुलगा. पाणी संपले. तिने मुलाला एका झुडपाखाली टाकले आणि त्याचे मरण डोळ्यांनी बघवणार नाही म्हणून दूर जाऊन बसली. देवाने मुलाचा आवाज ऐकला. या वेळी त्याने तिला त्या तंबूत परत पाठवले नाही. मग शास्त्र म्हणते, की देवाने तिचे डोळे उघडले आणि तिला विहीर दिसली.

नवी विहीर खणली गेली, असे तेथे लिहिलेले नाही. तिला ती दिसत नव्हती, कारण डोळे पाण्याने भरले होते. प्रिय जनहो, आपल्या मुलींपुढेही विहिरी आहेत. देवासला आहेत, धारला आहेत, पुण्यालाही आहेत. सरकारी रुग्णालय आहे. कायदा आहे, बाल कल्याण समिती आहे. शाळा सुटली तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावीला बसता येते. बाळाला सांभाळणारे कोणी असले म्हणजे झाले. स्त्री मंडळातील दोन बहिणी आठवड्यातून चार दुपारी बाळाला सांभाळतील, तर एक मुलगी दहावी होईल. याला मोठा निधी लागत नाही. लागते ते कोणी तरी तिच्या शेजारी जाऊन बसणे आणि बोट दाखवून म्हणणे, की बाई, ते बघ पाणी.

आणि मंडळी हीदेखील विहीर असावी. मुलीला उपासनेत उभे करून सर्वांदेखत जाब विचारू नये. तिचे नाव गायनपथकातून गुपचूप काढून टाकू नये. तिने प्रभुभोजनाला यावे की नाही, हे कुजबुजीने ठरू नये. बाळ बाप्तिस्म्यासाठी आणले, तर बापाचे नाव काय, याची चर्चा पायऱ्यांवर होऊ नये. ते बाळ देवाच्या दारी आलेले आहे. त्याचा आवाज देवाने आधीच ऐकला आहे. आणि विवाहाची बोलणी होताना पाळकसाहेबांनी व वडीलमंडळींनी वयाचा दाखला न चुकता पाहावा. मुलगी अठरा वर्षांची नसेल तर लग्न नाही, मग वधूपिता मंडळीचा कितीही मोठा देणगीदार असो.

येत्या रविवारी हजेरीपट उघडाल तेव्हा ज्या नावांपुढे ओळीने फुल्या आहेत ती नावे पाहा. त्यांतील प्रत्येक घरी याच आठवड्यात कोणी तरी जावे. एखादीला ताप आला असेल, एखादीचे घर बदलले असेल. एखादी दाराआड बसलेली असेल. तिला नावाने हाक मारा. ‘काय केलेस’ असे विचारू नका. कोठून आलीस ते तिला सांगू द्या, आणि कोठे जायचे ते तिच्याबरोबर बसून ठरवा.

प्रार्थना : हे पाहणाऱ्या व ऐकणाऱ्या देवा, ज्या लेकींना आम्ही पाहिले नाही त्यांना तू पाहिले आहेस. त्यांचे भय दूर कर. त्यांच्या लेकरांना वाढव. आमच्या मुलांना शुद्ध मन दे, वडिलांना योसेफाचे धैर्य दे, आणि आमच्या मंडळीला तहानलेल्यांसाठी उघडी विहीर कर. प्रभु येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.